ऑफ सीझनला सगळंच खोलायचं का? मिल हाऊस, जुने फिटर आणि नवीन सेन्सर

मिलहाऊस_असिस्टंट

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात किंवा कुठल्याही प्लांटच्या मेंटेनन्सला काम केलेल्यांनी जरा वेळ काढून उत्तर द्या, विषय मोठा आहे म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या एका सहकारी कारखान्यात मिल हाऊसला असिस्टंट इंजिनीअर आहे. ५००० टीसीडी (रोज ५००० टन ऊस गाळप), चार मिलचं टँडम (एकामागोमाग ओळीत लावलेल्या मिल), त्यातल्या दोन मिल अजून स्टीम टर्बाइनवर आहेत. आमच्याकडे वर्षानुवर्षं पद्धत अशी की गळीत बंद झालं की दिसेल ते खोलायला घ्यायचं. मिलचे रोलर तर निघतातच, पण सोबत प्रत्येक पंप, प्रत्येक गिअरबॉक्स, प्रत्येक मोटर. सीझनभर एकदाही कुरकुर न केलेला पंपसुद्धा खोलायचा, बेअरिंग बदलायचं, परत बसवायचा. मग दसऱ्याच्या सुमाराला बॉयलर अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे पंधरा-वीस दिवस आम्ही पळत असतो, कारण जे काही बंद पडतं त्यातलं बरंचसं आम्ही ऑफ सीझनला हात लावलेलंच असतं. हे मी नुसतं बोलत नाहीये, स्टॉपेज रजिस्टर काढून मेंटेनन्सच्या जॉब बुकाशी लावून बघितलंय.

आता यंदा संचालक मंडळाने एका एजन्सीला बोलावलंय. त्यांचं म्हणणं की सगळीकडे व्हायब्रेशन सेन्सर बसवा, सॉफ्टवेअर घ्या, फिटरच्या हातात मोबाईल अॅप द्या, मशीन स्वतःच सांगेल कधी खोलायचं ते, आणि मग ऑफ सीझनला एवढी माणसं लागणारच नाहीत. हे शेवटचं वाक्य त्यांनी फिटर लोकांच्या समोर बोललं, आणि तेव्हापासून शॉपमधलं वातावरण पार बदललंय. अॅप सगळं इंग्रजीत, त्यात एकेका जॉबला वीस-बावीस रकाने. आमच्याकडचे दोन सीनियर फिटर पुढच्या वर्षी रिटायर होतायत. त्यातल्या एकांना सगळे मामा म्हणतात, ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंग हाऊसिंगला आणि मूठ कानाला लावून सांगतात की हे आठवडा काढेल किंवा हे आज रात्रीच जाईल, आणि ते खरं होताना मी बघितलंय. मामांना एजन्सीच्या पोराने विचारलं की याचा डेटा कुठंय. मामा काही न बोलता निघून गेले.

मला जे पाहिजे ते असं की एकतर काय खोलायचं आणि काय बंद ठेवायचं हे ठरवायची काही धड पद्धत मिळावी, म्हणजे बेअरिंग, ऑइल, पॅकिंग, लोखंड वाया जाणार नाही. आणि दुसरं म्हणजे ही माणसं बाहेर न पडता त्यांच्यासकट हे जमवायचं आहे. सेन्सरला माझा विरोध नाही. पण मंडळापुढे काय घेऊन जाऊ?

जुना_चीफ

छान प्रश्न आहे, आणि रजिस्टर लावून बघितलंत याचं फार बरं वाटलं, ते कुणीच करत नाही.

मी चीफ इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो, तीन कारखाने बघितले. सगळं खोलायची पद्धत ज्या काळात पडली तेव्हा पांढरं मेटल, गनमेटल बेअरिंग, ओपन गिअर असा सगळा झिजणारा माल होता आणि झीज डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नव्हती. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आज निम्मा प्लांट रोलर बेअरिंग, बंद गिअरबॉक्स आणि मेकॅनिकल सीलचा झालाय आणि पद्धत तीच राहिली.

१९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी विमानाच्या पार्ट्सचा अभ्यास करून अमेरिकेच्या संरक्षण खात्याला रिपोर्ट दिला होता. त्यात असं निघालं की वय झालं म्हणून बिघडणारे पार्ट फक्त ११ टक्के, आणि ६८ टक्के पार्ट असे की ते बसवल्या बसवल्याच बिघडायची शक्यता जास्त, ते दिवस काढले की पुढे सुरळीत. म्हणजे चांगला चाललेला पार्ट काढून नवीन टाकला की तुम्ही त्याला परत त्या धोक्याच्या दिवसांत नेऊन ठेवता. तुमचे पहिले पंधरा-वीस दिवस हेच आहेत. आता कारखाना म्हणजे विमान नाही, आपल्याकडे उसासोबत माती-वाळू येते, झिजणारे पार्ट आपल्याकडे भरपूर, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. विचार मात्र लागू पडतो.

माझी विभागणी साधी होती. उसाला, बगॅसला (रस काढल्यावर उरलेल्या चिपाडाला), राखेला थेट घासणारं जे काही आहे ते झिजणार म्हणजे झिजणारच. फायब्रायझरचे (ऊस बारीक करणाऱ्या मशीनचे) हॅमर, नाइफ, रोलरचे दात, ट्रॅश प्लेट, स्क्रॅपर, आयडी फॅनचं (बॉयलरचा धूर ओढणाऱ्या पंख्याचं) इम्पेलर. ते खोलायचं, मापायचं, दुरुस्त करायचं. आणि त्याचं आयुष्य दिवसांत धरू नका, गाळलेल्या टनांत धरा, कारण एक सीझन शंभर दिवसांचा असतो आणि एक दीडशेचा. मापं घेताना प्रत्येक रोलरचा व्यास त्याच्या नंबरासकट लिहायचा. रोलरचं शेल (वरचं कवच) संपलं म्हणून अख्खा रोलर भंगारात काढू नका, शाफ्टची अल्ट्रासोनिक तपासणी करून जर्नलच्या (बेअरिंगमध्ये बसणाऱ्या भागाच्या) कोपऱ्यापाशी क्रॅक नसेल तर रिशेलिंग करून (नवीन शेल चढवून) तोच शाफ्ट परत वापरता येतो. कित्येक टन लोखंड वाचतं आणि पैसेही.

बाकी जे बंद हाऊसिंगमध्ये स्वच्छ तेलात फिरतं ते कारण असल्याशिवाय उघडू नका. पावसाळ्यात, दमट हवेत, कॉटन वेस्टने पुसत, शेजारी ग्राइंडर चालू असताना उघडलेला गिअरबॉक्स आधीपेक्षा चांगला होऊन बंद होत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि एक गोष्ट सगळेच विसरतात, न खोललेलं मशीन नुसतं सोडूनही द्यायचं नाही. सहा महिने एका जागी उभ्या शाफ्टचं बेअरिंग तिथल्या तिथे गंजतं. शेजारच्या मशीनच्या हादऱ्याने रेसवर खुणा पडतात. दर आठवड्याला शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवा, आधीची जागा खडूने मार्क करा. मोटर झाकून ठेवा, आत हीटर असेल तर चालू ठेवा, चालू करण्याआधी मेगर (इन्सुलेशनची तपासणी) घ्या. माझ्या मते ऑफ सीझनची निम्मी कामं ही नीट जपून ठेवायचीच असायला हवीत. याला पैसे लागत नाहीत, एक जबाबदार ऑइलमन लागतो. आणि नेमका तोच सीझनल असतो, रिटेन्शनवर (बंद काळातल्या कमी पगारावर) घरी बसलेला.

चाकणवाला

मी साखरेतला नाही, गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत मेंटेनन्सला आहे, पण मामांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्याकडे टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) आहे. हे मूळ जपानचं, निप्पॉनडेन्सो कंपनीने १९७१ च्या आसपास पहिल्यांदा पूर्ण राबवलं आणि सेइची नाकाजिमांनी पुढे जगभर नेलं. त्याचा गाभा एवढाच की मशीन चालवणारा माणूस हाच मशीनचा पहिला डॉक्टर. साफ करणं, तेल देणं, नटबोल्ट घट्ट करणं, बघणं हे त्याने करायचं. काही वेगळं दिसलं की टॅग लावायचा, स्वतः सोडवता येईल तर पांढरा, मेंटेनन्सची गरज असेल तर लाल. शॉपमध्ये सगळे याला जेएच (जपानी जिशु होझेन, म्हणजे चालवणाऱ्यानेच मशीन सांभाळणं) म्हणतात.

आता तुमच्याकडे अडचण काय दिसतेय मला, की जो चालवतो तो सीझनल आणि गळीत संपलं की तो घरी. मशीन खोलणारा वेगळा. म्हणजे चालताना मशीन कसं वागत होतं हे ज्याला माहितीये तो खोलायच्या वेळी हजरच नाही!! तर माझं म्हणणं की शेवटच्या दोन आठवड्यांत, गाळप चालू असतानाच, तिन्ही शिफ्टच्या मिल अटेंडंट, ऑइलमन, पंपवाल्यांना घेऊन मशीन टू मशीन फिरा, टॅग लावा. लिहायला सांगू नका, बोलायला सांगा. मोबाईलवर व्हॉइस रेकॉर्ड, मशीनसमोर उभं राहून, त्यांच्या भाषेत. "तीन नंबरला लोड आला की मागच्या बाजूने टकटक येते, रिकामी असली की नाही" हे एक वाक्य तुम्हाला वीस रकान्यांपेक्षा जास्त सांगतं. नंतर ऑफिसात बसून तुम्ही किंवा एखादा अॅप्रेंटिस ते टाइप करा. डेटा भरणं हे इंजिनीअरचं काम आहे, फिटरवर ढकलू नका.

अॅपचं सांगायचं तर आमच्याकडेही पहिलं अॅप असंच होतं. लोक शिफ्ट संपताना सगळे रकाने एकदम "ओके" करून टाकायचे, आणि मग तो खोटा डेटा मॅनेजमेंटच्या स्क्रीनवर हिरवा दिसायचा. हे काही न भरण्यापेक्षा वाईट. मग आम्ही भांडून चार रकाने ठेवले, काय दिसलं, काय केलं, काय बदललं, आणि परत कधी बघायचं. मराठीत. एक फोटो. त्यानंतर लोक भरायला लागले, कारण त्यांनी टाकलेल्या टॅगवर काम होताना त्यांना दिसायला लागलं. टॅग टाकून महिना झाला आणि काहीच हाललं नाही तर दुसरा टॅग येत नाही, हे लक्षात ठेवा.

आणि माणसं कमी होतील हे बोलणं पहिलं थांबवा. मंडळाकडून स्पष्ट येऊ द्या की सेन्सरमुळे कुणाचं काम जाणार नाही. युरोपियन कमिशनने २०२१ मध्ये इंडस्ट्री ५.० म्हणून जे मांडलं त्यात तीन गोष्टी आहेत, माणूस केंद्रस्थानी, शाश्वत आणि संकटात टिकणारा उद्योग. एजन्सीवाल्यांना हे माहिती असेलच, त्यांनाच विचारा की तुमच्या प्रपोजलमध्ये यातलं काय आहे. मामांना रिटायर झाल्यावर दोन वर्षं मानधनावर बोलवा, प्रत्येक सेन्सर कुठे बसवायचा ते त्यांना ठरवू द्या, आणि सोबत दोन आयटीआयची पोरं द्या जी फक्त ऐकायला शिकतील.

बॉयलरहाऊस

वरचं सगळं पटतं पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. चाकणला लाइन दोन तास थांबली तर पार्ट्स दोन तास उशिरा जातील. आमच्याकडे मिल थांबली की बाहेर यार्डात ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग उभी राहते. ऊस तोडल्यापासून वजन आणि उतारा दोन्ही घटत असतात. तोडणीवाले बायकापोरांसकट थंडीत गाडीपाशी झोपलेले असतात, गाडी रिकामी होईपर्यंत त्यांची पुढची खेप नाही आणि खेप नाही तर पैसे नाहीत. ब्रेकडाउनचा खर्च काढताना एजन्सी फक्त साखरेचं नुकसान धरते, या माणसांचं कोण धरणार? म्हणून आमच्याकडचे आधीचे चीफ इंजिनीअर म्हणायचे, शंका असली तर खोला. त्या म्हणण्याला कारण होतं.

माझ्या मते कमी खोलायचं हे तत्त्व मान्य, पण ज्याला स्टँडबाय नाही आणि जे गेलं तर अख्खं टँडम थांबतं ते वेगळं काढा. पाच पंपांपैकी एक गेला तर चालेल, पण टर्बाइन, मिलचा मेन गिअरबॉक्स, केन कॅरियरचा ड्राइव्ह, आयडी फॅन याबाबत धोका घेऊ नका. न खोलता तपासता येत असेल तर तपासा, नसेल तर खोला. आणि बॉयलरच्या बाबतीत तर हा प्रश्नच नाही, तिथे इन्स्पेक्टरची तपासणी आणि हायड्रॉलिक टेस्ट कायद्यानेच आहे. ट्यूबची जाडी दर वर्षी त्याच जागी मोजा. बगॅसच्या राखेत वाळू असते, ती वळणावर ट्यूब खाते. आमच्याकडे जाडीचा नकाशा काढून भिंतीवर लावलाय, कुठला बँक किती खाल्ला ते कुणीही बघून सांगतं, त्यामुळे आता सरसकट ट्यूब बदलत नाही, लागतील त्याच बदलतो.

आणि हो, मिलच्या रोलरला व्हायब्रेशन सेन्सर लावायला सांगितलं असेल तर नाही म्हणा. रोलर मिनिटाला चार-पाच फेरे फिरतो, तिथे मिमी पर सेकंदात (कंपन मोजायचं एकक) काहीच कळणार नाही. तिथे बेअरिंगचं तापमान, ड्राइव्हचा लोड आणि तेलाकडे बघायचं. व्हायब्रेशन टर्बाइनला, गिअरबॉक्सच्या हायस्पीड बाजूला, फायब्रायझर, फॅन, मोठे पंप इथे कामाचं.

मिलहाऊस_असिस्टंट

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप मोकळं वाटलं. बॉयलरहाऊस दादा, रोलरचं तुम्ही म्हणताय तसंच आहे, प्रपोजलमध्ये प्रत्येक हेडस्टॉकला (रोलर धरणाऱ्या चौकटीला) दोन सेन्सर दाखवलेत, ते मी उद्याच खोडून काढतो. रांगेतल्या माणसांचा खर्च धरायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, स्टॉपेजच्या तासांपुढे यार्डात किती गाड्या उभ्या होत्या तो रकाना आता मी टाकणार आहे, केन यार्डकडे ती नोंद असतेच.

एक विचारायचं राहिलं. रोलर आर्किंग आम्ही चालू मिलवर करतो, सगळीकडे करतात. दाताला वेल्डिंगचे ठिपके मारून खरखरीत करायचं म्हणजे ऊस घसरत नाही, मिल चालू असताना वेल्डर वर बसलेला असतो, खाली रस, वर वाफ. आणि ऑफ सीझनला इव्हॅपोरेटरच्या (रस आटवायच्या भांड्याच्या) बॉडीत उतरून ट्यूब घासणं. मंडळाला मेंटेनन्सचं बजेट दाखवताना यात या माणसांचं काय आणि कसं मांडू?

सुरक्षा_आधी

हे विचारलंत याबद्दल तुम्हाला मनापासून धन्यवाद, कारण मेंटेनन्सच्या चर्चेत हे शेवटी येतं किंवा येतच नाही.

भोपाळचं उदाहरण मंडळापुढे ठेवा. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथे वायू बाहेर पडला तेव्हा टाकी थंड ठेवणारी रेफ्रिजरेशन यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू धुऊन काढणारा स्क्रबर स्टँडबायवर होता, आणि फ्लेअरला (वायू जाळून टाकणाऱ्या यंत्रणेला) जाणारी पाइप गंजली म्हणून काढून ठेवलेली होती. त्याआधी खर्च कमी करायला माणसं कमी केली होती, रात्रपाळीची मेंटेनन्स सुपरवायझरची जागाच काढून टाकली होती. कागदावर सगळ्या सेफ्टीच्या यंत्रणा हजर होत्या. "माणसं कमी करू" हे वाक्य ज्यांना सहज सुचतं त्यांना हे वाचायला द्या.

आता तुमच्याकडचं. बंद भांड्यात उतरण्यासाठी १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमध्ये कलम ३६ खास घातलं होतं. आतली हवा तपासून लेखी सर्टिफिकेट मिळाल्याशिवाय उतरायचं नाही, आणि तशी खात्री नसेल तर श्वसनाचं उपकरण आणि कंबरेला पट्टा, पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. इव्हॅपोरेटरच्या बॉडीत हवा कमी, आणि मळीची टाकी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरणाचा) खड्डा इथे तर कुजल्यामुळे हायड्रोजन सल्फाइड होतो, आधी वास येतो आणि जास्त झाला की वास येणंच बंद होतं. माणूस पडला की दुसरा त्याला काढायला तसाच उडी मारतो आणि तोही जातो, हे परत परत झालंय. गॅस डिटेक्टरची किंमत तुमच्या त्या हेडस्टॉकवरून वाचलेल्या सेन्सरमध्ये निघेल, तोच बदल मंडळाला सुचवा. ट्यूब घासायला मोटरवर चालणारे ब्रश किंवा हाय प्रेशर जेट मिळतात, माणूस आत राहायचा वेळ त्याने खूप कमी होतो.

आर्किंगसाठी धड प्लॅटफॉर्म, रेलिंग, वर्किंग बाजूने बसवलेली इमर्जन्सी स्टॉपची दोरी ही मेंटेनन्सच्या बजेटमध्येच धरा, सेफ्टीच्या वेगळ्या हेडमध्ये ढकलू नका, तिथे गेलं की ते पुढच्या वर्षावर जातं. आपोआप आर्किंग करणाऱ्या ट्रॉलीसुद्धा आहेत, वेल्डर लांब उभा राहतो. आणि ऑफ सीझनला जॉबला हात लावण्याआधी ब्रेकर काढून कुलूप, किल्ली काम करणाऱ्या फिटरच्या खिशात. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये नाही.

कंडेन्सेट

थोडं वीज, पाणी, तेलावर लिहितो, कारण सस्टेनेबल म्हटलं की लोक सोलर पॅनलकडे धावतात आणि गळणाऱ्या ग्लँडकडे (पंपाच्या शाफ्टभोवतीच्या पॅकिंगकडे) कुणी बघत नाही.

उसात जवळपास ७० टक्के पाणीच असतं. ५००० टन गाळप म्हणजे रोज सुमारे ३५०० टन पाणी ऊसच घेऊन येतो. कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) नीट गोळा झालं तर कारखान्याला नदीतून फारसं पाणी उचलायची गरज पडू नये. पडत असेल तर समजा कुठेतरी गळतंय, नाहीतर कंडेन्सेटमध्ये साखर जाऊन ते टाकून द्यावं लागतंय, आणि तो इव्हॅपोरेटरच्या मेंटेनन्सचा प्रश्न आहे. तसंच मिलच्या उघड्या बेअरिंगला दिलेलं तेल खाली गटारात जातं आणि ईटीपीवर तवंग येतो. महिन्याला स्टोअरमधून किती लिटर तेल उचललं भागिले किती टन गाळलं, एवढा एकच आकडा बोर्डावर लिहायला सुरुवात करा. तो वाढला की कुठलं तरी सील गेलंय किंवा कुणीतरी डोळे झाकून पंप मारतंय. वापरलेलं तेल हे २०१६ च्या नियमांप्रमाणे धोकादायक कचऱ्यात येतं, ते भंगारवाल्याला द्यायचं नाही, परवाना असलेल्या रिसायकलरलाच द्यावं लागतं.

मोटरचं. एजन्सीने "सगळ्या मोटर आयई३ करा" म्हटलं असेल तर थांबा (आयई१, आयई३ हे मोटरच्या कार्यक्षमतेचे वर्ग). १५ किलोवॉट, चार पोलची मोटर घ्या. आयई१ ची कार्यक्षमता ८८.७ टक्के, आयई३ ची ९२.१. पाऊण लोडवर फरक साधारण अर्धा किलोवॉट. वर्षभर चालणाऱ्या कंपनीत हा सौदा चांगला, पण आपला सीझन १५० दिवस धरला तरी ३६०० तास, म्हणजे १७०० युनिटच्या आसपास. युनिटला ५ रुपये धरले तर साडेआठ हजार. चांगली चालणारी मोटर काढून भंगारात टाकायला एवढा फायदा पुरत नाही. जी दोनदा रिवाइंड होऊन (आतली तार नव्याने गुंडाळून) परत जळेल तिच्या जागी आयई३ घ्या, बस्स. नियमच तसा करून टाका, दोनदा रिवाइंड झालेली मोटर तिसऱ्यांदा जाणार नाही.

पैसे घालायचेच असतील तर इंजेक्शन पंपांवर (कंडेन्सरला थंड पाणी देणाऱ्या) घाला, ते मोठे असतात आणि व्हॉल्व्ह दाबून चालवलेले असतात. व्हीएफडी (मोटरचा स्पीड बदलणारं उपकरण) लावून स्पीड २० टक्के उतरला तर पंपाच्या नियमाप्रमाणे पॉवर जवळपास निम्म्यावर येते, वर पाणी चढवायची उंची जास्त असेल तर थोडी कमी बचत. आणि तुमच्या त्या दोन टर्बाइनवरच्या मिल, त्या कधीतरी मोटरवर न्याव्या लागतील. छोटी सिंगल स्टेज टर्बाइन तेवढ्याच कामाला वाफ फार खाते, तीच वाफ मोठ्या टर्बोजनरेटरमधून घेतली तर जास्त वीज मिळते. पण ते मोठं काम आहे, टर्बाइन मोठ्या दुरुस्तीला येईल तेव्हा तिच्यावर खर्च न करता बदला.

मिलहाऊस_असिस्टंट

काल मामांना आणि दुसऱ्या सीनियरना घेऊन बसलो, सोबत तिन्ही शिफ्टचे ऑइलमन होते. मशीनची यादी मोठ्याने वाचली आणि प्रत्येकाला विचारलं, खोलायचं की नाही आणि का. मला वाटलं होतं सगळं खोला म्हणतील. उलट बरीच नावं त्यांनी स्वतःहून वगळली, "त्याला हात लावू नका साहेब, मागच्या वर्षी लावला म्हणून तर तो बोंबलला." इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. वाद झाला तो दोन नंबर मिलच्या गिअरबॉक्सवर, ऑइलमन म्हणतोय आवाज आहे, मामा म्हणतात आवाज गिअरचा नाही, कपलिंगचा आहे.

मंडळापुढे मागणी अशी ठेवतोय की सेन्सर फक्त टर्बाइन, फायब्रायझर, फॅन आणि हायस्पीड बाजूंना, जागा मामा ठरवतील, वाचलेल्या पैशातून गॅस डिटेक्टर आणि आर्किंगचा प्लॅटफॉर्म, आणि तीन ऑइलमन ऑफ सीझनला कामावर ठेवायचे, शाफ्ट फिरवणं आणि जपणुकीसाठी. तो गिअरबॉक्स न खोलता निर्णय कसा घेऊ तेवढं सांगा कुणीतरी, गाळप अजून आठ-दहा दिवस आहे.

जुना_चीफ

आठ-दहा दिवस आहेत ना, मग आत्ताच तेलाचा सॅम्पल काढा. मिल लोडवर आणि तेल गरम असताना, रिटर्न लाइनमधून, स्वच्छ कोरड्या बाटलीत. बंद झाल्यावर ड्रेनमधून काढलात तर कण तळाला बसलेले असतात आणि रिपोर्ट चुकीचा येतो. लॅबला लोखंड, तांबं, सिलिकॉन आणि पाण्याचं प्रमाण विचारा. तांबं वाढलेलं असेल तर बेअरिंगचा केज बघावा लागेल, सिलिकॉन वाढलेलं असेल तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या तोटीतून) धूळ जातेय. मॅग्नेटिक प्लग (लोखंडी कण पकडणारं चुंबकाचं बूच) असेल तर तो काढून बोटावर घासून बघा, बारीक काळी पेस्ट चालते, चकाकणारे पापुद्रे आले तर खोलायचं.

कपलिंगचं मामांचं म्हणणं तपासायला मिल थांबेल तेव्हा, कुलूप लावून, कपलिंगचं गार्ड काढून बोल्टची भोकं ओव्हल झालीत का ते आणि अलाइनमेंट बघा. तासाभराचं काम आहे. त्या वेळी ऑइलमनलाही सोबत उभं करा, आवाज त्याने ऐकलाय.

रिपोर्ट आला की इथे टाका.